अक्कांनी पिळलेलं हृदय

अक्कांना आवरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. चादरी आणि पडदे धुणाऱ्या लाँड्रीत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं, आणि ती बंद पडल्यावर थेट प्रयोगशाळेत लागल्या. काम काय, तर धुण्याचंच. फक्त चादरींऐवजी हृदयं! उंदरांची का असेनात, पण हृदयंच.

"नक्की काय करतेस गं तू तिथे?" नवऱ्यानं विचारलं. हा बसड्रायव्हर. झटका येऊन गेला, हृदयाचा एक कोपरा मेला तो मेलाच, आणि गडी घरी बसला.

"अहो, मेलेल्या उंदराचं हृदय काचेच्या भांड्यात टांगायचं. नळीतून आत साबणाचं पाणी सोडायचं, मग साधं. जुन्या पेशी सगळ्या धुऊन निघतात, मागे नुसता पांढरा सांगाडा राहतो. भाडेकरू गेले, भिंती शाबूत! मग तिथे नव्या जिवंत पेशी आणून बसवायच्या. त्यांचा संसार जमला, तर हृदय परत चालतं म्हणे."

"मग माझं कधी धुतेस?"

"तुमचं धुवायला साबण पुरायचा नाही!"

हसले दोघं. पण खरं सांगू? उंदरापासून माणसापर्यंत पोचायला कैक वर्षं लागणार, नवऱ्याच्या वाट्याला हे यायचं नाही, हे अक्कांना पक्कं ठाऊक होतं. तरी आपण धुतलेलं एक तरी हृदय चालावं, हा त्यांनी ध्यासच घेतला. मेलेलं परत जागं होतं, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं आणि घरी सांगायचं होतं.

आणि हृदयं काही चालेनात. नव्या पेशी घातल्या, की त्या माना टाकायच्या. प्रयोग ज्यांचा होता त्या डॉक्टरीणबाई स्वतःचे केस उपटायच्या तेवढ्या बाकी होत्या. अक्का तर हृदयांशी भांडायलाच लागल्या. "चाल की रे मेल्या! मी तुझं काय घोडं मारलंय?"

मग तो घोळ झाला. धुऊन झालेलं हृदय दुसऱ्या भांड्यात ठेवायचं होतं. अक्कांनी हातमोजे घालून ते अलगद उचललं, आणि काय सांगू तुम्हाला, जन्माची सवय! धुतलेलं हातात आलं की हे हात पिळणारच. दिला की पीळ!

"अगं बाई गं!" अक्का किंचाळल्या. डॉक्टरीणबाई धावत आल्या. हृदयाचा पार चोळामोळा झाला होता. गेली नोकरी, असंच अक्कांना वाटलं. "बाई, हात मोडोत माझे. पिळलं हो मी त्याला."

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या अक्कांच्या मोज्याकडे बघत होत्या. मोज्यावर फेस होता! बाहेर येणारं पाणी रोज तपासलं जायचं आणि रोज स्वच्छ निघायचं. साबण बसला होता आत, सांदीकोपऱ्यात दडून. तोच नव्या पेशींच्या जिवावर उठला होता.

"पिळलंत! अक्का, तुम्ही पिळलंत!" बाईंनी अक्कांना मिठी मारून गरगर फिरवलं. ही बया कामातून गेली, असं अक्कांना वाटलं.

पुढचं हृदय साध्या पाण्यानं इतकं धुतलं, इतकं धुतलं, की अक्कांनाच त्याची दया आली. मग पेशी घातल्या. येता-जाता जो तो भांड्याला नाक लावून बघायचा. एका दुपारी जेवून हात पुसत अक्का आत आल्या, सवयीनं वाकल्या, आणि हृदयाचा एक कोपरा हलला. थांबला. परत हलला!

"चाललं! अहो बाई, चाललं!" सगळी प्रयोगशाळा गोळा झाली. कुणी टाळ्या पिटतंय, कुणी स्टुलावर चढून नाचतंय, बाई हसता हसता मटकन खालीच बसल्या. अक्का फोन घेऊन तडक बाहेर जिन्यात पळाल्या आणि त्यांनी स्पीकर लावला.

"अहो, चाललं!"

"खरंच? मला ऐकव की."

त्या एवढ्याशा हृदयाला आवाज कुठला? पण नाही म्हणायला अक्कांची जीभ रेटेना. त्यांनी फोन आपल्याच छातीला घट्ट लावला.

"बापरे! उंदराचं एवढं धडधडतं?"

"उंदराचं कुठलं? माझं आहे हो ते!" अक्का हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.



"असू दे," नवरा हळूच म्हणाला. "तसाच धर. काढू नकोस."