आयनिकोलासची पांढरी भिंत

झांबेता दर महिन्याला आयनिकोलासच्या चर्चला चुना मारते, यावरून बेटावर तिची भरपूर थट्टा होते. बाकीचे लोक ईस्टरच्या आठवड्यात एकदा हात चालवतात आणि वर्षभर निवांत असतात. कॉफी पीत बसलेली मंडळी म्हणतात, "म्हातारी स्वर्गात गेली की तिथल्याही भिंती रंगवून काढेल." पाद्रीबाबा तर प्रवचनात तिचं नाव घेतात. मग ती मान खाली घालते आणि लोकांना तो तिचा विनय वाटतो.

विनय कसला डोंबलाचा. मन खात होतं तिला.

पश्चिमेकडून येणाऱ्या प्रत्येक होडीला इथली 'दाढ' चुकवावी लागते. दाढ म्हणजे पाण्याखाली हातभर दडलेला खडक. नकाशात आहे तो, पण नकाशा बघतो कोण? चर्चची पांढरी भिंत टेकडीच्या खाचेत आली की सुकाणू तसंच धरायचं, दाढ डाव्या हाताला राहते. त्यामुळे भिंत पांढरी ठेवणं हे देवापेक्षा होडीवाल्यांचं काम, आणि ते झांबेताच्या सासरकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं.

नऊ वर्षांपूर्वीच्या ईस्टरला तिचा गुडघा धरला होता. चढ चढवेना. चुना तर कालवून ठेवलेला. वाया जायला नको म्हणून तिने तो उतारावरच्या आपल्या बकऱ्यांच्या गोठ्याला मारला. कोणी विचारलं तर म्हणाली, "झालं की काम." हिवाळ्याच्या पावसाने चर्चची भिंत मातकट झालेली, गोठा मात्र लख्ख. सणामुळे होड्या धक्क्यालाच होत्या, म्हणून कोणाला कळलंही नाही.

फक्त तिचा धाकटा दीर अनार्गिरोस शेजारच्या लेरॉस बेटावरून परतत होता. हवा धुकट होती. डोंगरावर त्याला एकच पांढरं दिसलं, ते त्याने खाचेत धरलं आणि होडी दाढेवर आपटली. तो पोहून आला. होडी गेली.

धक्क्यावर कुडकुडत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "डोळे गेले माझे. चर्च कुठे ते मला कळेना." झांबेता घोंगडी घेऊन शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "साठी आली, चालायचंच." तिने तोंड मिटलं. त्याच दुपारी ती लंगडत वर गेली, चर्चला चुना मारला आणि उतरताना गोठ्यावर माती थापली.

अनार्गिरोसने पुन्हा सुकाणू धरलं नाही. तो धक्क्यावर बसून लोकांची जाळी शिवायचा. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायचा, पण त्याकडे कोणाचं लक्ष जायचं नाही. झांबेताचं जायचं.

या वसंतात त्याच्या मुलीने त्याला पिरेउसला, शहरात, कायमचं बोलावून घेतलं. गुरुवारच्या बोटीआधी झांबेता धक्क्यावर पोहोचली.

"काय गं वहिनी, निरोप द्यायला आलीस की खरंच जातोय का ते बघायला?"

"अनार्गिरोस, तुझे डोळे चांगले आहेत."

"आता जाताना कौतुक करतेस होय."

"त्या वर्षी मी चर्चला चुना मारलाच नव्हता. गोठ्याला मारला. तुला दिसला तो गोठा. तू बरोबर बघितलंस."

त्याने पिशवी खाली ठेवली. "दुसऱ्या दिवशी मी बघून आलो होतो. गोठा मातीचा होता."

"माती मी थापली."

त्याने टेकडीकडे बघितलं.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर दोन शिव्या घातल्या असत्या तुला आणि दुसरी होडी घेतली असती."

थांब म्हणायला तिला तोंड नव्हतं. एकोणसत्तराव्या वर्षी त्याने कोणत्या होडीसाठी थांबायचं? भोंगा झाला. त्याने पिशवी उचलली आणि मागे न बघता बोटीवर चढला.

बोट धक्क्यापासून सुटली. तो कठड्याशी येऊन उभा राहिला. पन्नास हात पाणी मध्ये पडलं, मग शंभर. लोक हात हलवत होते. तिचा हात उचलेना.

"वहिनी," त्याने तिथून हाक मारली, "डाव्या बाहीला चुना लागलाय तुझ्या."

तिने खाली बघितलं. लागला होता, मसुराएवढा.