मामीच्या नावाचा शिंपला

वाळूमामाचे कपडे धुवायचे म्हणजे मामीला शिक्षा वाटायची. रुमाल झटकावा तर वाळू, विजारीची दुमड उलटी करावी तर वाळू. "लोकांचे नवरे घरी येताना काहीतरी घेऊन येतात, आमचे समुद्र घेऊन येतात," असं म्हणत ती कपडे पिळायची. घरातल्या पोरांनी त्याला वाळूमामा नाव ठेवलं, आणि बघता बघता मोठेही तेच म्हणायला लागले.

खरं म्हणजे मामाला वाळूशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हवे असायचे वाळूत लपलेले जीव. समुद्राच्या तळाचा गाळ बरण्यांत भरून त्याच्या कामावरच्या खोलीत यायचा. तो बारीक चाळणीत घालून नळाखाली धुवायचा, वाळवायचा, काळ्या ताटलीत पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली कण न् कण बघायचा. त्यात चुन्याची इवली इवली कवचं असतात. बरीचशी मोहरीहून लहान, थोडी मसुरीएवढी. आत राहणारा जीव म्हणजे नुसता थेंब. डोकं नाही, पाय नाहीत, एकाच पेशीवर सगळा संसार. पण घर असं बांधतो की गवंड्याने बघत राहावं. आधी एक खोली, तिला लागून दुसरी, जमेल तशी पुढची, गोल गोल फिरत.

काही कवचं आजची, तर काही खोल खणून काढलेल्या दगडातली, लाखो वर्षांची. आजच्या गाळात मामा गुलाबी रंग टाकायचा. समुद्रातून काढताना जो जिवंत होता तो गुलाबी व्हायचा, मेलेला पांढराच राहायचा. मग कोण कुठल्या घराण्यातला, कुणाचा कोण लागतो, हे ठरवत बसायचं. पोरीबाळींची लग्नं जमवणाऱ्या बायका करतात तेच काम, फक्त इथे कुणी पत्रिका आणून देत नाही. खोल्या मोजायच्या, भिंतींची भोकं बघायची, दार कुठे आहे ते शोधायचं.

कवच उचलायचं ते ओल्या ब्रशच्या टोकाने. टोक नीट यावं म्हणून ब्रश ओठांत धरायची त्याला खोड होती. मामी म्हणायची, "जेवायला बोलावलं की पोट भरलंय म्हणता. भरणारच, दिवसभर गाळ चाटताय." एकदा त्याला शिंक आली आणि दगडातून सोडवलेलं एक कवच उडालं ते उडालंच. मामा रांगत रांगत सगळी फरशी धुंडाळत होता. घरी येऊन म्हणाला, "एवढे समुद्र आटले तरी ते टिकलं होतं. माझ्या नाकाने घात केला."

तरुणपणी मामाला एक चपटं, मोठंसं कवच सापडलं. आजच्या गाळातही होतं आणि जुन्या दगडातही. पुस्तकं पालथी घातली, तसं कुणीच नोंदवलेलं नव्हतं. नवीन जात सापडली की नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. मामाने बायकोचं माहेरचं लाडाचं नाव दिलं, चिमी, आणि रीतीप्रमाणे त्याला लॅटिन शेपूट जोडलं. ते छापून आलं. बायकोला दागिना करावा एवढी मामाची कधी ऐपत झाली नाही, की त्याला ते सुचलं नाही, देव जाणे. पण हे त्याने केलं.

मामी वरवर म्हणाली, "किड्याला माझं नाव दिलंत." मामा म्हणाला, "किडा नाही गं तो." पण त्या कवचाचा मोठा करून घेतलेला फोटो तिने काचेत घालून बाहेरच्या खोलीत, आलेल्याची नजर पहिली जाईल अशा जागी लावला. करडा, गोल, मधे उंचवटा. पाहुणे विचारायचे, "हा चंद्र का?" मामी पाण्याचा पेला पुढे करत म्हणायची, "नाही, ती मी." मग सगळी गोष्ट पहिल्यापासून. पाहुणा चहाला थांबणार नसला तरी थांबायचा.

अशी वर्षं गेली. मामाच्या नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं, आणि नेमका तेव्हा त्याच्या जिवाला घोर लागला.

चिमीच्या कवचाबरोबर नेहमी दुसरं एक कवच सापडायचं, लहानसं आणि फुगीर. त्याला मामाच्या मोठ्या सरांनी फार आधी नाव दिलेलं होतं. सर जाऊनही बराच काळ लोटला होता. ही दोन कवचं आजच्या गाळात जोडीने, जुन्या दगडातही जोडीनेच. मामाने दोन्ही मधोमध घासून आत पाहिलं. भिंती सारख्या, दारं सारखी. फरक काय तो पहिल्या खोलीत. लहान कवचाची पहिली खोली ऐसपैस, चिमीची अगदी टिचभर.

त्याला शंका आली म्हणून त्याने समुद्राच्या पाण्यात, काचेच्या बशीत, चिमीच्या जातीचे जिवंत जीव पाळले. एक दिवस त्यातल्या एकीला पिल्लं झाली. मामाने पिल्लं पाहिली आणि खुर्चीत मागे टेकून बसला. सगळ्यांची पहिली खोली ऐसपैस होती.

म्हणजे चिमीची लेकरं सरांच्या जातीची निघाली. जाती दोन नव्हत्याच. एकच जीव, एक पिढी अशी आणि पुढची तशी. आणि नियम असा, की आधी ठेवलेलं नाव राहतं, मागचं जातं. जाणार होतं मामीचं.

दुसऱ्या कुणाच्या हे लक्षात आलेलं नव्हतं. मामा गप्प बसला असता तर कोण विचारणार होतं? तो गप्प बसलाही. पण घरी आला की फोटोकडे बघेना. एक दिवस काच पुसायची म्हणून त्याने फोटो उतरवला आणि कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

मामी भाजी निवडत होती. "काच पुसायला फोटोला रुसवावं लागतं का हो?"

मामा तिच्यासमोर खाली बसला, दोन देठं मोडली आणि सगळं सांगून टाकलं.

मामी ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुणी विचारलंय तुम्हाला?"

"नाही."

"मग सांगायला कशाला निघालात?"

"अजून कुठे सांगितलंय? पहिलं तुलाच सांगतोय."

"लग्नात आडनाव गेलं तुमच्यापायी. आता नाव उरलं होतं, तेही घेऊन चाललात." तिने सगळी देठं ताटाबाहेर ढकलली आणि आत गेली.

पुढचे काही दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. मामाने काही लिहिलं नाही. एका सुट्टीच्या सकाळी मामी चपला घालून दारात उभी राहिली. "चला. मला बघायचंय."

"काय?"

"माझ्या जागी कोण आलंय ते."

मामाने तिला आपल्या खोलीत नेलं, मायक्रोस्कोप तिच्या डोळ्याला जुळवून दिला. मामीला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग हळूहळू ते मोठं चपटं कवच दिसलं आणि त्याच्याभोवती धुळीसारखी पिल्लं.

"हे मोठं असं पांढरं फटक का?"

"रिकामं आहे ते."

"आणि आई कुठे गेली?"

"ती सगळी लेकरांत वाटली गेली. तिच्या अंगाचं काही शिल्लक राहत नाही. घर तेवढं राहतं."

मामी बराच वेळ डोळा लावून होती. "आणि ह्यांना पुढे जी होतील?"

"ती पुन्हा मोठी, चपटी. ह्या रिकाम्या घरासारखी."

"म्हणजे नात आजीवर जाते."

"एका पिढीआड, हो."

मामीने मान वर केली. डोळ्याला पाणी आलं होतं, एक डोळा मिटून बघितलं की येतं तसं. "आई एका नावाची, लेकी दुसऱ्या, नात परत पहिल्या. असं कधी घर असतं का? एक नाव लावून टाका सगळ्यांना."

"तुझं जाईल."

"कळलंय मला. पुसून टाकतात का?"

"नाही, पुसत कुणीच नाही. सरांच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहितात, की हिला पूर्वी असंही म्हणत."

"मग लिहा की. नाहीतर उद्या दुसरा कुणी येऊन सांगेल, आणि मी पाहुण्यांना खोटं सांगत बसलेली असेन."

मामाने लिहिलं. त्याच्या नोकरीतलं ते शेवटचं लिखाण, त्याच्याच पहिल्या लिखाणाला खोडणारं. छापून आलं तेव्हा मामीने ती बारीक अक्षरं चष्मा लावून शोधली, सापडल्यावर बोट ठेवून मामाला दाखवली, जणू तोच विसरला होता.

फोटो तिने स्वतः परत लावला, त्याच खिळ्याला. काच मात्र अजून पुसायची राहिलीच आहे. परवा कुणीतरी आलं आणि विचारलं, "हा चंद्र का हो?"

"नाही, ते माझं जुनं नाव," मामी म्हणाली. "बसा, चहा टाकते. जरा लांबण आहे."