दाव्याला बांधलेली मोटर

नेकनूरच्या रामहरीची जीप आठ दिवस बायकोच्या जोरावर चालू होत होती. तो आत बसायचा, भिवराबाई मागून ढकलायची. नवव्या दिवशी तिनं ढकलताना घालायची जुनी चप्पल कोपऱ्यात भिरकावली.

"उद्या आष्टीला माझ्या भाच्याचं लगीन हाय. माहेरच्यांपुढं नव्या लुगड्यात मी जीप ढकलणार न्हाई. चालू झाली तर तुमी चला, न्हाईतर मी यष्टीनं जाते. तुमी शेरडं राखा."

गॅरेजवाल्या प्रवीणनं बॉनेट न उघडताच स्टार्टरची मोटर मेल्याचं सांगितलं होतं. न बघता मयत ठरवणं रामहरीला पटेना. बॅटरीच्या वायरी सोडून त्यानं मोटर काढली, अंगणात आणली. हातातलं कडं काढलं, चष्मा चढवला. फिरताना मोटर उसळी मारते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ती शेरडांच्या पाण्याच्या दगडी डोणीला दाव्यानं बांधली. पण हात चाळीस वर्षं शेरडं बांधणारा. सवयीनं वीतभर ढील सोडली.

बॅटरी लांब ठेवली. काळी केबल मोटरच्या अंगाला, लाल जाड बोल्टला. मग बोल्टवरून बारीक वायर छोट्या पिनेला टेकवली.

खाट्! मोटर टुणकन उडाली, शेजारची घागर चेपली आणि केबल सुटून गप्प पडली. रामहरी बोकडागत मागं उडाला.

भिवराबाई पोट धरून हसली. "कावून ओ, तिला बसाया-उठाया जागा ठेवली व्हय? आता मूठभर पाला बी टाका!"

रामहरी परत मोटरीपाशी आला. केबली काढल्या. मोटरखाली पोतं, वरून दोन करकचून वेढे, दाव्याचं मोकळं टोक दातेरी चाकापासून लांब खोचलं. हलवून बघितलं. पुन्हा हलवलं. मग केबली जोडून वायर टेकवली आणि तीन मोजून काढली. चाक पुढं सरकलं, घर्रकन फिरलं.

"जिती हाय!"

म्हणजे दोष दुसरीकडं. जीपखाली शिरून बघितलं, तर बॅटरीची काळी वायर चेसिसला जुळते तिथं गंजाचा थर. अर्धा तास घासला. मोटर बसवली. किल्ली फिरवताच जीप धडधडली.

सकाळी भिवराबाई नव्या लुगड्यात पुढं बसली. पायाशी पिशवीत तीच जुनी चप्पल.

"ही कावून?"

"मोटरीवर भरवसा हाय माझा. बसवली तुमी हाय."