गाडी लावणाऱ्या आक्का

आक्का माल बघायला आल्या की आधी मालावर बसायच्या. बोलणं, चहा, भाड्याची घासाघीस सगळं नंतर. नऊवारीचा ओचा सावरून त्या पेटीवर चढत, नीट मांडी ठोकत आणि डोळे मिटून लाकडाची करकर ऐकत. मग म्हणत, "मी पंच्याऐंशी किलोची हाय. मला सोसलं तर रस्त्याला सोसंल."

माझ्या पहिल्या पेटीला त्या सोसल्या नाहीत. मी चाकणच्या एका कंपनीतली चौदा वर्षांची नोकरी सोडून कुरुळीला भाड्याच्या शेडमध्ये भाकरी करायचं यंत्र बनवायला घेतलं होतं. पीठ आणि पाणी घातलं की दुसऱ्या टोकाला भाजलेली भाकरी बाहेर. यंत्र चांगलं होतं, पण ते गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं कसं, याचा मी काडीचा विचार केला नव्हता. शेजारच्या शेडवाल्याने सांगितलं, "मॅडम, आक्कांना फोन करा, त्या गाडी लावतात." आक्का आल्या, माझ्या प्लायवूडच्या नव्याकोऱ्या पेटीवर बसल्या आणि कडाड आवाज करत थेट आत गेल्या. मी आणि शेडवाल्याने हात धरून त्यांना बाहेर काढलं. मला रडायला येत होतं. आक्का लुगडं झटकत म्हणाल्या, "बरं झालं, हितंच मोडली. नगर रोडला मोडली असती तर कोण काढायला आलं असतं?"

मग त्यांनी वजन विचारलं. मी म्हटलं, "अंदाजे पाचशे किलो."

"अंदाज सासूला सांगायचा. गाडीला वजन सांगायचं."

वजनकाट्यावर नेलं तर सातशे चाळीस भरलं. आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा कुठून आणला हे त्यांना विचारायचं होतं, पण पहिलीच भेट म्हणून त्या थांबल्या.

चाकणच्या चौकापासून थोडं आत, एका पत्र्याच्या केबिनमध्ये त्यांचं ऑफिस होतं. आत एक टेबल, तीन मोबाइल आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. नकाशाचा कोकणाचा भाग उंदरांनी खाल्ला होता, त्यामुळे कोकणातलं बुकिंग घेताना त्या जरा सावध असत. एमआयडीसीत जमीन गेली तेव्हा दिरांनी चकचकीत गाड्या घेतल्या आणि आक्कांच्या मालकांनी ट्रक घेतला. मालक ट्रक चालवत आणि आक्का फोन घेत. मालक गेले, ट्रक विकला, फोन मात्र वाजतच राहिले. मग आक्का दुसऱ्यांच्या गाड्या लावायला लागल्या. ज्याच्याकडे माल आहे त्याला गाडी द्यायची, आणि ज्याची गाडी रिकामी परतायची आहे त्याला माल द्यायचा. "लग्न जमवण्यासारखंच हाय," त्या सांगत. "फकस्त हितं दोन्ही बाजू खोटं बोलतात, हे आधीच ठावं असतं."

दुसऱ्या यंत्राच्या वेळी मी फुशारकीने सांगितलं, की दहा जणांचा माल एकत्र नेणारी गाडी मला स्वस्तात मिळाली आहे. आक्का म्हणाल्या, "मिळंल की. तीनदा उतरंल, तीनदा चढंल. साबण असता तर म्या बी त्यातच घालून दिला असता. पर तुझं यंत्र एकटं जाऊ दे, छोट्या गाडीत. लाडाची लेक बी कुणी वऱ्हाडाच्या टेम्पोत कोंबत न्हाई."

त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "उतरवणार कोण?" नवा माणूस त्यावर हमखास अडकायचा. मीही अडकले. यंत्र जायचं होतं सांगलीकडच्या एका गावातल्या अन्नछत्राला, आणि तिथे क्रेन तर सोडाच, धड चार हमाल नव्हते. आक्कांनी तिथल्या व्यवस्थापकांना फोन लावला. गावात काय काय आहे, याची चौकशी केली. शाळा, दूध डेअरी, पतसंस्था असं करत करत गाडी तालमीवर आली. आक्का ताठ बसल्या. "पैलवान किती?" दुसऱ्या दिवशी नऊ पैलवानांनी यंत्र अलगद उचलून आत नेलं. बदल्यात त्यांना यंत्राच्या पहिल्या भाकरी द्यायच्या ठरल्या होत्या. यंत्राची एवढी कडक चाचणी मी माझ्या शेडमध्येसुद्धा घेतली नव्हती. पीठ संपलं तेव्हा पैलवान थांबले.

पण आक्का खऱ्या कळल्या त्या पिंपळगावच्या वेळी.

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगावात मुलींचं एक वसतिगृह होतं. तीनशे मुली, स्वयंपाकाला दोन बाया, त्यातल्या एकीचा हात प्लास्टरमध्ये. संस्थेने मला बजावलं होतं, "शुक्रवारी सकाळी मुली येतील. यंत्र गुरुवारी लागलं नाही तर ऑर्डर रद्द." ही ऑर्डर गेली असती तर मला शेड सोडून पुन्हा नोकरीसाठी अर्ज करावे लागले असते. बुधवारी यंत्र भरलं. ड्रायव्हर होता सलीम, मूळचा इथलाच, खेड तालुक्यातला, आक्कांचा लाडका. आक्कांनी नेहमीप्रमाणे मला बजावलं, "गाव सांगू नको, तालुका सांग. पिंपळगावं पायलीभर हायत." मी हो हो म्हणत कंप्युटरवर मालासोबत लागणारं ई-वे बिल केलं, कागद सलीमच्या हातात दिले.

गुरुवारी सकाळी दहाला मी आक्कांच्या केबिनमध्ये बसले होते. सलीमचा फोन आला. आक्कांनी तो स्पीकरवर टाकला.

"आक्का, पोचलो. पण इथं वसतिगृह नाही. चौफेर द्राक्षाच्या बागा आहेत."

मी माझ्याकडची कागदाची प्रत बघितली. तालुका, जिल्हा, पिनकोड, सगळं नाशिककडच्या पिंपळगावचं. मीच घातलेलं.

आक्का एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या आणि फोनवर म्हणाल्या, "सलीम, चूक माझी झाली. तुला भोकरदनला जायचंय. कागद नवे धाडते."

"आक्का, जमणार नाही. लासलगावातून परतीचा कांदा ठरलाय माझा. व्यापारी वाट बघतोय."

"तुझ्या गाडीत काय हाय?"

"मशीन."

"कसलं?"

"भाकरीचं."

"कुणाच्या भाकरीचं?"

"मला काय माहीत, आक्का?"

"तीनशे पोरींच्या. उद्या सकाळी येणार हायत. आता तूच सांग, कांदा मोठा का पोरी?"

पलीकडून बारीक आवाज आला, "कांदा सडेल, आक्का."

"उन्हाळी कांदा हाय, सहा म्हैने टिकतो. पोरी सहा तास बी टिकणार न्हाईत. कांद्याला म्या दुसरी गाडी लावते. तू निफाडवरनं येवला धर. येवल्यात पैठणीची दुकानं लागतील, तिथं बायकोसाठी थांबू नकोस, परत येताना थांब. पुढं वैजापूर, संभाजीनगर, मंग फुलंब्री. सिल्लोडच्या अलीकडं उतार हाय, तिथं दम धर, मशीन जड हाय."

सलीम गेला. आक्कांनी तेवढ्यात नाशिकच्या एका माणसाकडून कांद्याला गाडी मिळवली, मला नवे कागद करायला बसवलं आणि पिनकोड माझ्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतला. हे सगळं झाल्यावर फोन उलटा ठेवला आणि विचारलं, "आता सांग. पिनकोड कुणी टाकला हुता?"

"मी."

"मला ठावं हाय. तुझ्या तोंडातनं ऐकायचं हुतं." मग चहावाल्याला हाक मारली, "दोन आण रे. हिचा गोड कर, पांढरी पडलीया."

संध्याकाळी साडेसातला यंत्र उतरलं, साडेनऊला चालू झालं आणि शुक्रवारी मुली जेवल्या. मी आक्कांना विचारलं, "तुम्ही त्या बाजूला कधी गेला होता?"

"मी? मी राजगुरुनगरच्या पुढं गेले न्हाई. मला गाडी लागती."

मला आधी समजलंच नाही. मग हसू आवरेना. आख्ख्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गाड्या लावणाऱ्या आक्कांना स्वतःला गाडी लागायची! रिक्षातसुद्धा त्या तोंडात आलेपाक धरून बसत. येवल्याची दुकानं, सिल्लोडचा उतार, हे सगळं त्यांना ड्रायव्हरांनी वर्षानुवर्षं फोनवर सांगितलं होतं, आणि आक्कांनी ते बघितल्यासारखं डोक्यात ठेवलं होतं.

रस्ता रुंद व्हायला लागला तेव्हा आक्कांची केबिन त्यात गेली. लेक रावेतला राहायची, ती न्यायला आली. आक्का मला म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा तुझं पिंपळगाव बघायचंय." वसतिगृहाला दुसरं यंत्र जाणारच होतं. सलीमच्या गाडीत, पुढे, आम्ही तिघं. लिंबू, आवळा सुपारी, आलेपाक, ओकायच्या पिशव्यांची चळत. शिक्रापूरलाच पहिली पिशवी संपली. अहिल्यानगरपर्यंत सलीमने मोजणं सोडलं. तरी डोळे मिटून आक्का रस्ता सांगतच होत्या, "आता डाव्या हाताला पेट्रोल पंप येईल." पंप उजव्या हाताला यायचा. असं चारदा झालं तेव्हा सलीमला उलगडा झाला. "आक्का, आम्ही परत येताना निवांत बोलायचो ना तुमच्याशी. तुमचा सगळा रस्ता परतीचा आहे!" आक्का ओकता ओकता हसल्या.

वसतिगृहात पोचल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन यंत्रापुढे उभ्या राहिल्या. भाकऱ्या एकामागून एक टोपलीत पडत होत्या, मुली ताटं घेऊन रांगेत होत्या. एका मुलीने विचारलं, "आजी, हे यंत्र तुम्ही बनवलं?"

"न्हाई गं. हिनं बनवलं. म्या फकस्त गाडी लावली."

त्यांनी एक भाकरी घेतली, ठेच्याबरोबर उभ्यानेच खाल्ली. "जरा जाड हाय," म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने, "माल उतरल्यावर फुडं काय व्हतं, ते मला कुणी कधी सांगितलंच न्हाई."

मागच्या दिवाळीनंतर आक्का गेल्या. झोपेतच. त्याच्या महिनाभर आधी मी रावेतला त्यांना भेटायला गेले होते, तीच आमची शेवटची भेट. अकरावा मजला, बाल्कनी, खाली हायवे. आक्का खुर्ची टाकून बसल्या होत्या. वाकडच्या दिशेला गाड्या तुंबल्या होत्या. एकदम त्या उठल्या. "ती निळी गाडी बघ. मागची ताडपत्री सुटलीया. गाडी सुटली की माल रस्त्यावर येणार."

"ओळखीची आहे का?"

"न्हाई. पर सलीमचा अर्ध्या तासापूर्वी उर्शाच्या टोलवरनं फोन आला हुता, हिकडंच येतोय. हितंच कुठं तरी आडकला आसंल." फोन लावला. सलीम खरंच चार गाड्या मागे अडकला होता. आम्ही वरून बघत होतो. एक ठिपका गाडीतून उतरला, निळ्या गाडीपर्यंत चालत गेला, दोन ठिपके मागे आले, दोरी ओढली, ताडपत्री बसली.

फोन वाजला. "बांधली, आक्का. पण हा ड्रायव्हर घाबरलाय. विचारतोय, हे बघितलं कुणी? कुठल्या ट्रान्सपोर्टच्या बाई आहेत?"

आक्का कठड्यावरून वाकल्या आणि त्या दोन ठिपक्यांना जोरजोरात हात केला.

"त्याला म्हणावं, वर बघ."