चीफचा उजवा खांदा

कुठल्याही वस्तूवर उजवा तळहात ठेवायचा, डोळे बारीक करायचे आणि तिची तब्येत सांगायची, ही चीफची सवय होती. लिफ्टची भिंत, घरातला फ्रिज, सिंगापूरच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, डब्यातला उभा दांडा, त्यांना काहीही चालायचं. तीन-चार सेकंद हात ठेवायचे आणि म्हणायचे, "हं. बेअरिंग बोलतंय." आमच्या वॉशिंग मशीनला त्यांनी असंच एकदा चाचपलं आणि "दोन महिने" असं सांगून चहा प्यायला बसले. मशीन सात आठवड्यांनी बसलं. त्यांची नजर लागली असं माझी बायको अजूनही म्हणते.

आयुष्यातली सव्वीस वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती. आम्हाला ते भेटले तेव्हा जमिनीवर येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती आणि हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात बसून ते दुसऱ्यांची जहाजं फोनवरून सांभाळत होते. पण चीफ इंजिनिअरचा 'चीफ' त्यांना चिकटला तो चिकटलाच. वहिनीसुद्धा चारचौघांत त्यांना चीफच म्हणायच्या.

पासिर रिसला कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही मराठी मंडळी व्हॉलीबॉल खेळतो. बायका-पुरुषांची मिळून एकच टीम. निम्मे आयटीतले, निम्मे जहाजांवरचे. मी टीमचा मॅनेजर, कारण व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप मी काढला. एवढीच माझी पात्रता.

चीफ आमचे सेटर. गावाकडे आपण ज्याला लिफ्टर म्हणायचो, तो. तुम्ही व्हॉलीबॉल खेळला नसलात तरी बघताना एक गोष्ट लक्षात आली असेल: टाळ्या मिळतात स्मॅश मारणाऱ्याला, पण त्याच्या आधी कुणीतरी तो बॉल त्याच्यासाठी अलगद उचलून ठेवलेला असतो. दर खेपेला दुसरा हात त्याच माणसाचा. तो चुकला की पाचही जण नुसते उड्या मारत राहतात.

मी नवा नवा सिंगापूरला आलो तेव्हा बायको-मुलगा पुण्यातच होते. रविवार खायला उठायचा. इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, एकटाच बसलेलो असताना चीफनी मला पाहिलं आणि सरळ म्हणाले, "एवढी उंची काय कपडे वाळत घालायला दिलीय का देवानं? चल." शाळेनंतर मी बॉलला हात लावलेला नव्हता, आणि तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "तू फक्त उडी मार. बॉलचं मी बघतो."

मी डोळे मिटल्यासारखी उडी मारली आणि हात फिरवला. बॉल तिथे होता. नंतर पाच-सहा वर्षं तो तिथेच असायचा. खोटं कशाला सांगू, त्या परक्या गावात मला घरच्यासारखं वाटायला लागलं ते त्या बॉलमुळे.

दोन वर्षांपूर्वी केतकी टीममध्ये आली. सांगलीची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. विद्यापीठाकडून खेळलेली. तिचा बॉल इतका झरकन यायचा की समोरच्यांना हात वर करायला सवड मिळायची नाही. पहिल्या दिवशी तिचे चार बॉल बघून चीफ म्हणाले, "हात सोन्याचे आहेत. डोकं गरम आहे. थंड करू." सगळे घरी गेले की दर रविवारी अर्धा तास ते तिला एकटीला शिकवायचे. ती बदली खेळाडू, ते मुख्य, अशी घडी बसली होती.

आणि मग चीफचा बॉल हातभर तोकडा पडायला लागला.

आम्ही कुणीच काही बोललो नाही. बोलतो कशाला? आमच्यातला प्रत्येक जण गुपचूप एक पाऊल आधी धावायला शिकला. बॉल कमी यायचा, आम्ही पुढे जायचो, आणि चीफ "शाब्बास" म्हणायचे. मोठ्या माणसाचं ऐकू येणं कमी झालं की घरातले सगळे जरा वरच्या पट्टीत बोलायला लागतात, तसंच हे. माझा तेरा वर्षांचा मुलगा बाकावर बसून बघायचा. एकदा घरी येताना तो म्हणाला, "पप्पा, चीफ अंकलचा बॉल शॉर्ट येतोय लाह. एव्हरीबडी कॅन सी." मी त्याला गप्प बस म्हटलं.

नेमकी त्याच वर्षी आमची टीम आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धेच्या फायनलला पोचली. शुक्रवारी दुपारपर्यंत सहा नावं द्यायची होती. सेटर एकच. चीफ की केतकी?

त्याच आठवड्यात मुलाचा कान दाखवायला मी नोव्हेनाच्या त्याच हॉस्पिटलात गेलो. कॉरिडॉरच्या टोकाला फिजिओथेरपीच्या रांगेत चीफ बसले होते. तोंडापुढे पेपर धरलेला, तोही डाव्या हातात. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, दुसऱ्याचा असल्यासारखा. आतून केतकीचा आवाज आला, त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते उठले. मी मुलाला घेऊन खांबाआड झालो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, खांबाआड!

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, असं आपण म्हणतो. जावई परवडला. जिच्यासाठी जागा सोडायची तिच्याच हातात खांदा द्यायचा, हे त्याहून अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी केतकीला हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, गाठलं. कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली आणि विचारलं, "चीफचा खांदा कितपत वाईट आहे?"

तिने कप खाली ठेवला. "दादा, मला हे विचारू नका."

"टीमचा प्रश्न आहे गं."

"ते माझे पेशंट आहेत की नाहीत, हेसुद्धा मी तुम्हाला सांगू शकत नाही. नोकरी जाईल माझी. इथे राहायचा पास जाईल."

"बरं, ते राहू दे. फायनल तुला खेळायचीय का, एवढं सांग."

ती म्हणाली, "खेळायचंय. शाळेपासून मी अशा एका मॅचसाठी खेळतेय. पण मी तोंडानं कसं मागू? मागितलं तर त्याचा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा. आणि ते खेळले तर तो खांदा..." तिथे तिने जीभ चावली आणि डोळे भरून आले तिचे. "बघा, बोलून बसले. प्लीज, दादा. मला यात ओढू नका."

म्हणजे तिचं तोंड बांधलेलं. उरलो मी आणि चीफ.

बुधवारी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी थालीपीठ केलं. पाऊण तास आम्ही पासच्या नव्या नियमांवर बोललो, फ्लॅटच्या भाड्यांवर बोललो, त्यांच्या ऑफिसातले लोक एकेक करून कसे कमी होताहेत त्यावर बोललो. शेवटी मी घसा खाकरून म्हणालो, "चीफ, रविवारची तयारी काय म्हणते?"

"ते तू सांग. मॅनेजर तू." ते माझ्याकडे रोखून बघत होते. "तुझं काय ठरतंय ते स्पष्ट सांग. मी बसलोय."

हा माणूस मुद्दाम माझ्या तोंडून वदवून घेतोय असं वाटलं. ज्याने मला व्हॉइड डेकवरून उचललं, त्याला मी तोंडावर सांगायचं की आता तुम्ही बसा? स्वतःहून नाही म्हणायला यांचं काय जातं? छप्पन्न वय झालं, हट्ट सुटत नाही! मी म्हणालो, "बघू." आणि चपला घालून निघालो. लिफ्टमध्ये मला त्यांचा भयंकर राग आला होता.

शुक्रवारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी ग्रुपवर यादी टाकली. सहावं नाव केतकीचं. खाली एक ओळ: 'मार्गदर्शक: चीफ.' मोबाइल खिशात टाकला आणि पळपुट्यासारखा मीटिंगला जाऊन बसलो. तासाभराने पाहिलं तर चीफचा अंगठा आलेला. वर केलेला, पिवळा, गोल. सुटलो, असं मला वाटलं. वाटलं हे इथे कबूल करतो.

रविवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसले होते. मांडीवर एक निळी वही. केतकी आली ती मान खाली घालून थेट पलीकडच्या टोकाला गेली आणि हात मोकळे करायला लागली. तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी रेफ्रींकडे काहीतरी काम काढलं. चीफ वही उघडून थोडा वेळ बसले, मग त्यांनी ती मिटली.

आम्ही जिंकलो. केतकी अशी खेळली की समोरच्या टीमनेही टाळ्या वाजवल्या. चीफ प्रत्येक पॉइंटला डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होते. फोटोसाठी हाका मारल्या तेव्हा बाक रिकामा होता.

त्यानंतर ते रविवारी आले नाहीत. "ऑफिसचं काम आहे रे," एवढंच म्हणायचे. दोन महिन्यांनी कळलं की कंपनी त्यांचं काम दुसऱ्या देशात हलवतेय आणि त्यांना घरी पाठवतेय. नोकरी गेली की पास गेला, आणि पास गेला की चंबूगबाळं आवरायला किती दिवस मिळतात ते इथे पोरालाही माहीत असतं. मी सामान बांधायला मदत करायला गेलो. चीफ घरी नव्हते. तिकडे त्यांच्या जागेवर येणाऱ्या पोराला ते ऑफिसात काम समजावून देत होते. काढून टाकलेला माणूस आठवडाभर रोज जाऊन हे करत होता.

"त्यांना राहवत नाही," वहिनी खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाल्या. "बोटीवर पद्धतच तशी असते ना. ऑफिसचा हुकूम येतो की अमुक तारखेला तुमच्या जागी रिलीव्हर येतोय. मग आधीचा चीफ सगळं लिहून काढतो. कुठला पंप रडतो, कुठला व्हॉल्व्ह अडतो. नवा आला की त्याला सगळीकडे हिंडवून दाखवायचं. दोघांनी सही करायची. मग हा बॅग उचलून खाली उतरणार. हुकुमाशिवाय चीफ स्वतःहून चार्ज सोडत नाही. सोडला तर पळाला म्हणतात." मग त्यांनी एका पिशवीतून ती निळी वही काढली. "ही तुमच्या टीमची दिसतेय. टाकून देत होते, मी उचलून ठेवली. तुमच्या निरोपाची वाट बघत होते हो ते. रोज विचारायचे, मॅनेजरचा फोन आला का?"

मी खाली व्हॉइड डेकवर बसून वही वाचली. फायनलच्या महिनाभर आधीपासून लिहिलेली. प्रत्येक खेळाडूला एक पान. कुणाचा गुडघा दुखतो आणि तो सांगत नाही, म्हणून त्याला बॉल जरा मागे द्यावा. कोण रागावलं की जाळ्यात हात घालतं. माझ्या पानावर होतं: 'बॉलकडे बघत बसतो. बघायला वेळ देऊ नये.' शेवटच्या पानावर सह्यांसाठी दोन रेघा. 'दिला' याच्यापुढे त्यांची सही होती. 'घेतला' याच्यापुढे काही नव्हतं.

आणि त्याच्या आधीच्या पानावर, बाकीच्यांसारख्याच सुबक अक्षरात: 'सेटर (जुना). उजवा खांदा कामातून गेला आहे. स्वतः सांगणार नाही. विचारावे.'

महिनाभर तो माणूस मोकळा व्हायला तयार होऊन बसला होता, आणि हट्टी म्हणून मी त्याच्यावर चरफडत होतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, ते माझ्या. मधल्या मध्ये ती पोरगी गुदमरत होती.

तुम्हाला वाटेल, एवढं वाचल्यावर मी वर जाऊन थांबलो असेन, ते आल्यावर बोललो असेन. नाही बोललो. विमानतळावरही नाही. तिथे ते सामानाची गाडी डाव्या हाताने रेटत होते, मी शेजारून चालत होतो आणि तिकडच्या हवेबद्दल बोलत होतो. केतकी आली होती. ती वाकून पाया पडली, तेव्हा त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. वही मी तिला नंतर दिली. रात्रभर ठेवून तिने ती मला परत आणून दिली, दुसऱ्या रेघेवर सही करून. उशिरा झालेल्या त्या सहीचा मी फोटो काढला, पण तो पाठवायचं धाडस झालं नाही.

परवा रविवारी मॅच संपल्यावर हॉलच्या बाहेर उभं राहून मी त्यांना फोन लावला. ते आता चिपळूणला असतात. केतकी कशी खेळते, पोरगा किती उंच झाला, सगळं विचारून झालं. बोलणं संपत आलं. "ठेवू का?" असं ते म्हणाले.

मी म्हणालो, "चीफ, खांदा कसा आहे?"

"थांब हं, दार लावून घेतो. ही बाहेर बसलीय." चपलांचा आवाज, मग कडी लावल्याचा.

"दुखतो रे," ते म्हणाले. "फार दुखतो."