काढलेल्या मजकुराची दुरुस्ती

श्री. गुरुपाद कोनापुरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका छापखान्याच्या माडीवर. मी मराठीत एम.ए. करत होते. सुट्टीत मुद्रितशोधनाचे काम मिळेल का, असे विचारायला गेले होते. त्यांनी मान वर न करता एक हस्तलिखित माझ्याकडे सरकवले आणि स्वतः प्रूफ समोर घेतले. मी मनातल्या मनात वाचू लागले.

"मोठ्यानं वाचा की, ताई. तुमच्या मनातलं मला कुठं ऐकू येतंय?"

एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे, ही त्या माडीवरची रीत होती. तिथे सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा मात्र सगळ्यांना अहो-जाहो करत, चहा आणणाऱ्या म्हाताऱ्या गड्यालाही. चुकलेला शब्द ते कधी पुसू देत नसत. त्यावर आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर शब्द लिहायचा. काय चुकले होते ते वाचता आले पाहिजे, एवढेच कारण ते सांगत.

एकदा एका स्मरणिकेत वैरागच्या एका निवृत्त शिक्षकांचे आडनाव चुकीचे छापले गेले. अण्णा रविवारी एसटीने वैरागला गेले. मीही बरोबर होते. त्यांनी त्या गुरुजींना दुरुस्तीचा मजकूर वाचून दाखवला. गुरुजींना संकोच वाटला.

"एवढ्यासाठी आलात होय, अण्णा?"

"नाव तुमचं हाय, चूक माझी हाय. पोस्टानं कशी पाठवू?"

माझे वडील शेवटच्या आजारात रुग्णालयात होते, तेव्हा अण्णा रोज दुपारी येत. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यासाठी असे. वडिलांना ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत, जाहिरातींसह. वडिलांना शेवटी काही समजत नव्हते. अण्णा वाचत राहिले. याबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही.

निवृत्तीनंतर अण्णा जुळे सोलापुरात राहायला गेले आणि तिथे त्यांनी इंटरनेटवर एक पान सुरू केले. हा गौरवग्रंथ वाचणाऱ्या अनेकांना ते पाण्याचे पान म्हणून माहीत आहे. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी पाणी आले, किती वाजता, किती वेळ टिकले, एवढेच त्यात असे. प्रत्येक नोंदीला दोन माणसांचा दुजोरा लागे आणि खाली त्या दोघांची पूर्ण नावे. बिननावाची माहिती अण्णा घेत नसत. दर रविवारी सकाळी ते वहीतून वाचत, मी टाइप करी, मग मी वाचून दाखवी आणि ते वहीवर बोट ठेवून ऐकत. पान माझ्या नावावर आणि माझ्या फोन नंबरवर होते, कारण ती खटपट मला जमत होती. पुढचे सगळे त्यातून घडले.

विडी कामगारांच्या एका गल्लीत पाण्याला वास येऊ लागला. तिथे राहणाऱ्या नरसव्वांनी अण्णांना बोलावून घेतले. अण्णांनी घागरीत वाकून वास घेतला, नरसव्वांचे आणि त्यांच्या शेजारणीचे म्हणणे लिहून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले. नरसव्वांनी मध्येच थांबवले. "अण्णा, नुसतं नरसव्वा नको. नवऱ्याचं, आडनावाचं, सगळं घाला. मी काय भिऊन बोलालेय का?"

तो मजकूर पानावर लागला आणि दोन दिवसांत शहरभर फिरला. तिसऱ्या दिवशी मला एका सरकारी कार्यालयातून फोन आला. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. बोलणारे गृहस्थ अगदी सभ्य होते.

"मॅडम, पान तुमच्या नावावर दिसतंय म्हणून विचारतोय. तुम्ही प्राध्यापक आहात ना? ते वासाचं तेवढं काढून टाका. अफवेत धरलं जातं हो असलं. लेखी आदेश काढायला लावू नका आम्हाला."

मी आदेशाचा क्रमांक विचारला नाही. त्यांचे नाव विचारले नाही. पुढच्या तासाची घंटा होण्याआधी मजकूर काढून टाकला. त्यावर रेघ नव्हती, बाजूला काही लिहिलेले नव्हते. पान असे दिसत होते की तिथे कधी काही नव्हतेच.

रविवारी अण्णांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, "वरूनच काढलंय, अण्णा. सरकारी आदेश असणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वही उघडली. त्या जागी त्यांनी मला हे टाइप करायला सांगितले: 'येथील मजकूर सरकारी आदेशाने काढण्यात आला आहे. आदेशाची प्रत मिळताच छापू.' मग नेहमीप्रमाणे मी ते मोठ्याने वाचून दाखवले. सरकारी आदेशाने, पूर्णविरामासह.

अण्णा त्या आदेशाची प्रत मागू लागले. माहितीच्या अधिकारात अर्ज, मग अपील, मग दुसरे अपील. दोन वर्षे ते रिक्षाने एकेका कार्यालयात जात राहिले. याच काळात काचबिंदूने त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. प्रत्येक ठिकाणाहून एकच उत्तर येई: असा कोणताही आदेश अभिलेखात आढळून येत नाही. अण्णा ते कागद मला वाचायला देत आणि म्हणत, "बघा, कसं दडवालेत." कागदावर लिहिलेले खरे होते. ते फक्त मला माहीत होते.

दरम्यान नरसव्वा एकदा अण्णांकडे येऊन गेल्या. "माझं नाव का काढलात? मी खोटं बोलले होते का?" एवढेच विचारून, पाणीही न घेता त्या परतल्या. हळूहळू लोक अण्णांना नावे देईनासे झाले. माहिती मिळे, पण दार अर्धे लावून. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी सूचना टाकली की पाण्याविषयी काही टाकू नये. कोणाच्या सांगण्यावरून, असे कोणी विचारले नाही. मीही त्या सूचनेखाली होकाराचा अंगठा टाकला.

या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी अण्णांकडे गेले आणि सगळे सांगितले. मग त्यांनी अर्जांची फाइल मांडीवर घेतली आणि एकेक उत्तर डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिले.

"म्हणजे हे लोक खरं लिहीत होते की."

"हो, अण्णा."

"आणि मी त्यांना खोटं म्हणत फिरलो. दोन वर्षं." त्यांनी फाइल मिटली. "दोन माणसांना विचारल्याशिवाय छापायचं न्हाई म्हणतो मी. आदेशाचं तुम्हा एकट्यांना विचारलं. दुसरं कोण न्हवतंच की विचारायला. दुरुस्तीत माझं नाव पण घाला."

मी नको म्हणाले. त्यांनी ऐकले नाही.

मूळ मजकूर त्यांच्या वहीत होता. तो परत लावण्याआधी नरसव्वांना विचारले पाहिजे, असे ते म्हणाले. आम्ही दोघे गेलो. नरसव्वा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. अण्णांनी त्यांना सगळी चूक सांगितली, माझीही. त्यांचे हात थांबले नाहीत.

"लावा की अण्णा, तुमचं पान हाय. पण माझं नाव नको आता. मुलगी सरकारी दवाखान्यात कामाला लागलीय. तिला कोण काय बोललं तर?"

अण्णांनी मान हलवली. बिननावाचा मजकूर त्यांनी लावला नाही. पानावर मूळ मजकूर आजही नाही. त्या जागी लावलेल्या ओळीतल्या 'सरकारी आदेशाने' या शब्दांवर आडवी रेघ आहे. बाजूला लिहिले आहे: 'एका फोनवरून, पान सांभाळणाऱ्या बाईंनी. खात्री न करता छापले, गु. कोनापुरे.' इतरांना कळावे म्हणून ती दुरुस्ती मी इथेही देत आहे. हा लेख छपाईला देण्यापूर्वी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला आहे. त्यांनी दोन स्वल्पविराम काढायला लावले. बाकी काही काढायला सांगितले नाही.

अण्णांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर टिकावी आणि हातातली वही सुटू नये. नरसव्वा कधीतरी स्वतःहून येऊन, नवऱ्याच्या नावासह, आडनावासह, आपले पूर्ण नाव त्यांना पुन्हा लिहून घ्यायला सांगतील. त्याला किती वर्षे लागतील ते मला माहीत नाही. अण्णांना तेवढे आयुष्य मिळो.