आठ गाण्यांचं गाईड

"ताई, आपण भाजीबाजारात नाही आहोत," हेडफोनमध्ये सर म्हणाले. "जरा भाजीवाली कमी, राक्षस जास्त."

काचेपलीकडे सगळे हसले. मला हसणं ऐकू आलं नाही, कारण सरांनी बोलायचं बटण सोडलं होतं. नुसते दात दिसले. ड्रमरचे, बेसवाल्याचे आणि निनादचे. निनाद म्हणजे आमच्या बँडचा गिटारवाला, मला बँडमध्ये आणणारा. सगळ्यात जास्त तोच हसत होता.

आणि मीही हसले. सरांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. माझ्या त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

मी भाजीवाली आहेच. मोर्णा नदीकाठी आमचं दीड एकर. अकोल्याच्या जुन्या शहरात माय पोतं अंथरून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर मांडते. दहा वर्षांची असल्यापासून मी तिच्याशेजारी बसून हाळी देते. आजूबाजूला चारजणी ओरडत असतात. तिथं गळ्यातून ओरडून भागत नाही, बेंबीपासून आवाज काढावा लागतो. कॉलेजात पहिल्यांदा मेटल, म्हणजे रॉकमधला सगळ्यात दणदणीत प्रकार ऐकला, तो माणूस पोटातून गुरगुरत होता, आणि मला वाटलं, अरे, हे तर मला येतं!

बँडचं नाव 'खारपाण'. आमच्या पट्ट्यात विहिरीला खारं पाणी लागतं, त्यावरून. आठही गाण्यांचे शब्द माझे. अल्बम करायला निनादनं मुंबईहून प्रोड्यूसर बोलावला, तेच हे सर. एरवी भजनं आणि प्रचाराची गाणी रेकॉर्ड होतात, तो अमरावतीतला स्टुडिओ घेतला.

सरांचं काम मी जवळून बघितलं आणि भारावले. खोटं कशाला बोलू? मेटलमध्ये प्रोड्यूसर म्हणजे नुसता आवाज टिपून घेणारा नव्हे. तेच गिटार निनादकडून चार-चारदा वाजवून घेऊन एकावर एक चढवायचे, की आवाजाची भिंत उभी राहायची. ड्रमरला म्हणाले, "अर्धं वाजव, दुप्पट ऐकू येईल." तसंच झालं. एका गाण्याची सुरुवात उडवली आणि गाणं सुटसुटीत झालं. या माणसाला कळतं, असं मी घरी येऊन मायला सांगितलं. विश्वास असा बसतो.

"तू आधी गाईड गा," सर म्हणाले. गाईड म्हणजे कच्चं गाणं. ते कानात ठेवून बाकीचे आपापलं वाजवतात आणि शेवटी गाणारा पक्कं गातो. तीन दिवस मी सकाळच्या एसटीनं अकोल्याहून गेले, आठही गाणी गायले. कच्चं म्हणून राखून नाही गायले, जीव काढून गायले.

मग पुण्याहून सोहम नावाचा मुलगा आला. "हा मागून साथ देईल. त्याला जरा शिकव," सर म्हणाले. मी शिकवलं. श्वास कुठे चोरायचा, 'इहीर' म्हणताना जबडा किती सोडायचा. 'कावून', म्हणजे 'का म्हणून', त्याच्या तोंडात बसेना, तो शब्द मी त्याच्याकडून चाळीसदा घोटून घेतला. मायनं त्याच्यासाठी डबा दिला. "परक्या गावचं पोट्टं हाय, घेऊन जाय," म्हणाली. वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकरी. त्यानं बोटं चाटून खाल्लं.

"सर, माझं फायनल कधी?"

"फोन करतो."

फोन आला तो अल्बम ऐकायला या म्हणून. रविवारी दुपारी, अमरावतीतल्या निनादच्या बंगल्यावर. त्याचे वडील डॉक्टर, दिवाणखाना मोठा. माय ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. सोफ्याच्या कडेला बसली, पाठ न टेकता. पहिलं गाणं लागलं. शब्द माझे, श्वास माझे, 'कावून' माझं. गळा सोहमचा. दुसरं गाणं लागलं, तिसरं लागलं.

चौथ्या गाण्याला माय माझ्याकडे वाकून म्हणाली, "हा तं पोट्टा गाऊन राहिला. तुयं कवा लागते व?"



टाळ्या झाल्या. सर हातात फराळाची बशी घेऊन उभे होते. मी विचारलं, "सर, माझा आवाज कुठाय?"

"फायनलला कोण गाणार, हे प्रोड्यूसर ठरवतो. बाईचा गुरगुराट लोक गंमत म्हणून ऐकतात, अल्बम म्हणून नाही. पण तुझं गाईड उत्तम होतं हां. त्याच्याशिवाय सोहमला जमलंच नसतं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू त्याला शिकवलं असतंस का?"

असं शांतपणे म्हणाले आणि चिवडा तोंडात टाकला. मी निनादकडे वळले. "तुले कवापासून मालूम होतं?"

तो फरशीकडे बघत म्हणाला, "पयल्या दिवसापासून. सर मोठे हायेत, समजून घे ना."

तीन वर्षं मी ज्याला भाऊ म्हटलं, तो हा. सरांनी मला वापरलं, ते परके होते. यानं मला विकलं. अल्बमवर 'शब्द' या मथळ्याखाली माझ्याऐवजी बँडचं नाव होतं. माझ्यासाठी सगळ्यात खाली एक ओळ होती : विशेष आभार, अकोल्याची ताई. नावसुद्धा नाही.

परतताना एसटी मूर्तिजापूरला थांबली. माय म्हणाली, "म्या त्याच्यासाठी भाकरी थापल्या." एवढंच. त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं सरांच्या कुठल्याच बोलण्यानं लागलं नव्हतं. मी रडले, आणि मूर्तिजापूर सुटल्यावर रडणं थांबलं ते थांबलंच.

सहा महिन्यांनी सरांचा फोन आला. मी बाजारात बसले होते. दुसरा अल्बम ठरला होता. "गाईडला ये. सोहम तुझ्याशिवाय तयार नाही. या वेळी आभारात पूर्ण नाव टाकू."

"नाही येत," मी म्हणाले. "आनं ते आठ गाण्याचे शब्द माहे हायेत. मी ते पुन्हा गाऊन राहिली."

"अगं, ते शब्द आता अल्बमचे झालेत. अडचणीत येशील."

"येईन."

घरी कांद्याच्या खोलीत पोती रचली की आवाज घुमत नाही. उसना माइक आणि जुना संगणक आहे. भातकुली गावची एक मुलगी गिटार वाजवते. चाली नव्या केल्या. प्रोड्यूसरचं काम मी शिकते आहे, चुकत चुकत. भिंत अजून सरांच्याइतकी जाड होत नाही. होईल.

पाच गाणी झाली. प्रत्येक गाणं मी एकदाच गाते, आणि तेच पक्कं. गाणार कोण, तिथं माझं नाव आहे, आडनावासकट. ज्याला नोटीस पाठवायची त्यानं खुशाल पाठवावी. पत्ता जुन्या शहरात कोणीही सांगेल. उरलेली तीन गाणी या महिन्यात होतील.